दोन सेलवरची गुप्तता

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत, मेन राज्यात, ग्रेट डक नावाचे एक छोटे बेट आहे. लीचेस स्टॉर्म पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी तिथे जमिनीत बिळे करून अंडी घालतो. बिळात काय चालले आहे हे पाहायला माणसे वारंवार गेली तर पक्षी बिथरतात, प्रसंगी घरटे सोडून जातात. २००२ सालच्या उन्हाळ्यात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि इंटेल कंपनीतल्या संशोधकांनी यावर एक उपाय केला. मुठीत मावतील अशा ३२ पेट्या त्यांनी बिळांत आणि बिळांच्या आसपास ठेवल्या. प्रत्येक पेटीत तापमान, आर्द्रता, प्रकाश अशा गोष्टी मोजण्याची साधने, एक छोटा संगणक, एक रेडिओ आणि बॅटरी होती. पेट्यांनी मोजलेले आकडे बिनतारी मार्गाने बेटावरच्या संगणकाकडे आणि तिथून उपग्रहामार्गे विद्यापीठाकडे जात होते. पक्ष्यांना त्रास नाही आणि माणसाला बेटावर मुक्काम ठोकायला नको.

अशा पेट्यांच्या समूहाला बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणतात. इंग्रजीत एकेका पेटीला 'मोट', म्हणजे धुळीचा कण, असे म्हणतात. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी तिचे काही नाते नाही! गोंधळ नको म्हणून आपण तिला सरळ 'संवेदक' म्हणू. संवेदक आपले आकडे शेजाऱ्याला सांगतो, शेजारी ते पुढच्याला सांगतो आणि असे हातोहात ते मुख्य केंद्रापर्यंत पोहोचतात.

पक्ष्यांच्या बिळातले तापमान कोणी चोरून ऐकले तर फारसे बिघडत नाही. पण हेच तंत्र दुसरीकडे नेले की प्रश्न बदलतो. केरळात मुन्नारजवळच्या डोंगरउतारावर अमृता विश्व विद्यापीठाने दरडीची पूर्वसूचना देणारे असे जाळे बसवले आहे. पावसाचे मुरलेले पाणी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत किती दाब निर्माण करते, हे जमिनीत पुरलेली साधने मोजतात. हा दाब वाढत गेला की उतार घसरण्याचा धोका वाढतो. आता समजा, अशा एखाद्या जाळ्यात कोणी दुसराच रेडिओ घेऊन घुसला आणि 'दाब कमी आहे, सारे ठीक' असे खोटे संदेश पाठवू लागला तर? किंवा उलट, रोज खोटी भीती घालू लागला तर? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतोच. दोन-तीनदा फसलेले गाव चौथ्यांदा घर सोडणार नाही.

म्हणजे संदेश खरोखर आपल्याच संवेदकाकडून आला आहे का, वाटेत तो कोणी बदलला तर नाही ना, याची खात्री हवी. बँकेचे व्यवहार करणारे संगणक अशी खात्री रोज करून घेतात. मग संवेदकांना ती का जड जाते? उत्तर त्यांच्या बॅटरीत आहे.

दोन सेलचा हिशेब

त्या काळात संशोधनासाठी खूप वापरल्या गेलेल्या एका संवेदकाचे उदाहरण घेऊ. त्यात आठ बिटांचा प्रोसेसर, ४ किलोबाइट कार्यस्मृती, आज्ञावलीसाठी १२८ किलोबाइट स्मृती आणि भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसे दोन पेन्सिल सेल होते. अशा सेलची क्षमता सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास धरू. रेडिओ आणि प्रोसेसर दोन्ही चालू असताना मिळून सुमारे १८ मिलिअँपिअर विद्युतधारा लागते. २५०० ला १८ ने भागले तर १३९ तास येतात. म्हणजे सतत जागा राहिलेला संवेदक सहा दिवसही टिकणार नाही.

डोंगरावर दर सहा दिवसांनी सेल बदलायला कोण जाणार? तो निदान वर्षभर टिकायला हवा. वर्षात ८७६० तास असतात. म्हणून सरासरी धारा ०.२८ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवावी लागते. याचा अर्थ, संवेदकाने शंभर मिनिटांपैकी सुमारे ९८ मिनिटे झोपून काढायची. ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही सेलमध्ये मिळून सुमारे २७,००० ज्यूल ऊर्जा असते आणि वर्षावर वाटली तर रोजचा शिधा ७४ ज्यूल पडतो. मोजणे, बोलणे, ऐकणे, दुसऱ्याचे निरोप पुढे पोहोचवणे आणि सुरक्षितता, हे सारे त्यातच भागवायचे.

हा शिधा कशावर खर्च होतो? अशाच एका संवेदकावर काही संशोधकांनी २००५ साली केलेली मोजमापे बोलकी आहेत. एक बाइट, म्हणजे साधारण एक अक्षर, रेडिओवरून पाठवायला ५९.२ मायक्रोज्यूल लागतात. एक बाइट नुसता ऐकायला २८.६ मायक्रोज्यूल लागतात. आणि 'एईएस' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने एक बाइट कूटबद्ध करायला फक्त १.६२ मायक्रोज्यूल! एका बाइटच्या प्रक्षेपणाच्या खर्चात ३६ बाइट कूटबद्ध होतात. थोडक्यात, संवेदकाला विचार करणे स्वस्त पडते आणि बोलणे महाग. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे डावपेच आपोआप उलगडतात.

किल्ली म्हणजे काय?

संदेश कूटबद्ध करण्याची रीत जगजाहीर असली तरी चालते. गुप्त असते ती फक्त किल्ली. ऑगस्ट केरकॉफ्स यांनी हे तत्त्व १८८३ सालीच मांडले होते. बाजारातल्या एकाच कंपनीची कुलपे आपण सगळे वापरतो, पण आपल्या किल्लीने शेजाऱ्याचे दार उघडत नाही. इथली किल्ली म्हणजे १२८ बिटांची, अर्थात १६ बाइटची, एक संख्या असते. ज्या दोघांना आपसात बोलायचे आहे त्या दोघांकडे ती असावी आणि तिसऱ्याकडे नसावी.

किल्ली दोन कामे करते. पहिले कुलपाचे. तिच्या साहाय्याने मजकूर असा बदलता येतो की किल्ली नसणाऱ्याला तो वाचता येत नाही. दुसरे काम शिक्क्याचे. मजकूर आणि किल्ली मिळून एक छोटी संख्या काढायची आणि ती संदेशाच्या शेवटी जोडायची. ऐकणारा आपल्या किल्लीने तीच संख्या काढून पाहतो. जुळली तर संदेश खरा. दरडीच्या बाबतीत हे दुसरे काम अधिक मोलाचे आहे.

हा शिक्का किती मोठा असावा? मोठ्या संगणकांमध्ये तो १६ बाइट किंवा त्याहूनही मोठा असतो. संवेदकांसाठी २००४ साली तयार झालेल्या 'टायनीसेक' या पद्धतीत तो फक्त ४ बाइटचा ठेवला गेला. ४ बाइट म्हणजे ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. अंदाजाने शिक्का जुळवू पाहणाऱ्याला सरासरी त्याच्या निम्मे प्रयत्न करावे लागतील. पण या संवेदकांचा रेडिओ इतका संथ होता की सेकंदाला सुमारे ४० संदेशच पाठवता येत. भागाकार करून पाहा, वीस महिन्यांहून अधिक काळ लागतो. म्हणजे रेडिओचा संथपणाच रखवालदार झाला आणि प्रत्येक संदेशामागे बारा बाइटचे बोलणे वाचले.

शिक्का झाला, कुलूप झाले. आता खरा प्रश्न. रानात विखुरलेल्या हजार संवेदकांपैकी कोणाकडे कोणती किल्ली असावी, ती तिथपर्यंत कशी पोहोचवावी आणि एखादा संवेदक चोरीला गेला तर काय करावे? यालाच किल्ल्यांचे व्यवस्थापन म्हणतात. चोरीची शक्यता इथे गृहीतच धरावी लागते. पेटी उघड्यावर पडलेली असते, तिच्यावर पहारा नसतो, आणि ती स्वस्त ठेवायची म्हणून आतली स्मृती वाचता येऊ नये असे भक्कम कवचही तिला नसते.

चार सरळ मार्ग आणि त्यांच्या अडचणी

पहिला मार्ग अगदी सोपा आहे. सर्व संवेदकांना एकच किल्ली द्यायची. १६ बाइट जागा लागते, बोलणे शून्य. पण एक पेटी चोरीला गेली की सारे जाळे उघडे पडते. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लागावी, तसे हे झाले.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट. प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली. हजार संवेदकांच्या जोड्या होतात १००० × ९९९ ÷ २, म्हणजे ४,९९,५००. प्रत्येकाला ९९९ किल्ल्या सांभाळाव्या लागतील, म्हणजे जवळजवळ १६ किलोबाइट. कार्यस्मृती तर ४ किलोबाइटच आहे. आज्ञावलीच्या स्मृतीत जागा करता येईल, पण उद्या काही संवेदक बंद पडून नवे आणले तर त्यांची ओळख जुन्या हजारांना कशी करून द्यायची? शिवाय प्रत्येकाला प्रत्यक्षात बोलायचे असते ते विसेक शेजाऱ्यांशीच. उरलेल्या किल्ल्या कधी वापरल्याच जाणार नाहीत.

तिसरा मार्ग, मुख्य केंद्राला विचारण्याचा. दोन शेजाऱ्यांनी केंद्राकडे किल्ली मागायची, केंद्राने ती पाठवायची. समजा विनंती ३२ बाइटची, उत्तरही ३२ बाइटचे आणि केंद्र दहा टप्प्यांवर आहे. प्रत्येक टप्प्यावर एकाने बोलायचे आणि एकाने ऐकायचे, म्हणजे बाइटमागे ८७.८ मायक्रोज्यूल. ६४ × १० × ८७.८ मायक्रोज्यूल म्हणजे सुमारे ५६ मिलिज्यूल. हा खर्च एका जोडीचा, आणि किल्ली बदलावी तेव्हा पुन्हा तोच. त्यातही केंद्राजवळच्या संवेदकांना सगळ्यांचे निरोप वाहावे लागतात. ते लवकर दमतात आणि ते बंद पडले की लांबचे संवेदक धडधाकट असूनही मुके होतात.

चौथा मार्ग, सार्वजनिक किल्लीचा. यात आधीपासून गुपित वाटून घ्यावे लागत नाही. बँकांचे संगणक हाच मार्ग वापरतात. पण यातले गणित जड असते. २००५ च्या त्याच मोजमापांत 'आरएसए' पद्धतीच्या १०२४ बिटांच्या एका सहीला ३०४ मिलिज्यूल लागले, आणि अशा प्रोसेसरवर एका सहीला सुमारे ११ सेकंद लागतात. इलिप्टिक वक्रांवर आधारलेल्या पद्धतीला साधारण तितक्याच सुरक्षिततेसाठी सुमारे २३ मिलिज्यूल लागले. एखाद-दुसऱ्या सहीने सेल संपणार नाही हे खरे. पण खोडसाळ माणसाचा विचार करा. त्याने खोट्या विनंत्या पाठवत राहायचे आणि बिचाऱ्या संवेदकाने दर वेळी सही करत बसायचे. ७४ ज्यूलला ०.३०४ ने भागा. सुमारे २४३ विनंत्यांत, म्हणजे पाऊण तासात, संवेदकाचा दिवसाचा शिधा संपतो!

चारही मार्गांत काही ना काही अडते. कुठे चोरी महाग पडते, कुठे जागा, कुठे बोलणे, कुठे गणित. मग संशोधकांनी असा विचार केला की रानात गेल्यावर बोलणे महाग आहे, तर जे काय द्यायचे ते निघण्यापूर्वीच देऊन ठेवावे. फक्त कोण कोणाचा शेजारी होणार हे आधी ठाऊक नसते. तेव्हा काय द्यावे?

चिठ्ठ्यांचा डबा

मेरिलँड विद्यापीठातील लॉरेंट एशेनॉवर आणि व्हर्जिल ग्लिगोर यांनी २००२ साली एक उत्तर सुचवले. एका डब्यात १०,००० किल्ल्या ठेवा, प्रत्येकीला क्रमांक द्या. त्यांतून प्रत्येक संवेदकाला काही किल्ल्या यदृच्छेने, चिठ्ठ्या काढाव्यात तशा, काढून द्या. मग संवेदक रानात टाका. दोन शेजारी भेटले की त्यांनी आपल्या किल्ल्यांचे फक्त क्रमांक सांगायचे. एखादा क्रमांक दोघांकडे असला की झाली किल्ली ठरली. क्रमांक ऐकून चोराला काही उपयोग नाही, कारण त्या क्रमांकाची किल्ली त्याच्याजवळ नाही.

दहा हजारांतून किती किल्ल्या दिल्या तर दोघांत निदान एक सामाईक निघेल? बहुतेकांचा अंदाज हजारांच्या घरात जातो. प्रत्यक्षात ५० किल्ल्या दिल्या तर ही शक्यता २२ टक्के असते, ८३ दिल्या तर ५० टक्के, १०० दिल्या तर ६४ टक्के, १५० दिल्या तर ९० टक्के आणि २०० दिल्या तर ९८ टक्के. २३ माणसांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे कोडे अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. त्याचाच हा भाऊ. एकाच्या ८३ किल्ल्यांपैकी प्रत्येकीची तुलना दुसऱ्याच्या ८३ शी होते. तुलना ८३ × ८३, म्हणजे जवळजवळ ६,९०० होतात. म्हणून जुळणी लवकर सापडते.

८३ किल्ल्यांना १,३२८ बाइट लागतात, म्हणजे कार्यस्मृतीचा एक तृतीयांश. पण निम्म्याच शेजाऱ्यांशी जमले तर उरलेल्यांचे काय? तिथे तिसरा मदतीला येतो. अ आणि ब यांची किल्ली जुळत नाही, पण क ची दोघांशीही जुळते. मग क च्या मार्फत अ आणि ब नवी किल्ली ठरवतात. अशा तुटक-जुळक धाग्यांतून सारे जाळे एकसंध होते का, याचे गणित पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी १९६० च्या सुमारास करून ठेवले होते. त्यांना संवेदक ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या गणितानुसार हजार बिंदूंच्या यादृच्छिक जाळ्यात प्रत्येकाचे सरासरी १४ धागे असले तर सारे जाळे जोडलेले असण्याची शक्यता ९९.९ टक्के असते. म्हणजे २८ शेजाऱ्यांपैकी निम्म्यांशी जमले तरी बहुधा भागते. बहुधा म्हणायचे कारण, संवेदकाचा आवाज जवळपासच पोहोचतो आणि मूळ गणितात तशी अट नाही.

आता चोरी. एक संवेदक गेला तर चोराच्या हाती १०,००० पैकी ८३ किल्ल्या लागतात. दुसऱ्या दोघांमधली किल्ली नेमकी त्यांत असण्याची शक्यता ०.८३ टक्के. दहा संवेदक चोरले तर सुमारे ८ टक्के धागे फुटतात, पन्नास चोरले तर ३४ टक्के. म्हणजे एका चोरीने सर्वनाश होत नाही. नुकसान चोरीच्या प्रमाणात वाढत जाते.

बोलण्याची बचत इथेही करता येते. ८३ क्रमांक, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १६६ बाइट बोलावे लागतात आणि त्याला सुमारे १० मिलिज्यूल पडतात. त्याऐवजी संवेदकाच्या स्वतःच्या क्रमांकावरून त्याच्या किल्ल्यांचे क्रमांक ठरवणारा एक नियम केला, तर 'मी ४१७' एवढे दोन बाइट बोलून पुरते. बाकीचे शेजारी मनातल्या मनात काढतो. विचार स्वस्त आहे ना! मात्र कोणती पेटी चोरली म्हणजे कोणत्या किल्ल्या मिळतील, हे आता चोरालाही आधीच कळते. बचतीची ही किंमत.

बीजगणिताची किल्ली

दुसरे उत्तर अधिक जुने आहे. ते १९८४ साली स्वीडनच्या रोल्फ ब्लोम यांनी मांडले आणि पुढे २००३ च्या सुमारास ते संवेदकांच्या कामी आणले गेले. ते नववी-दहावीच्या बीजगणितात बसते, म्हणून आपण ते करूनच पाहू.

सर्व गणित २३ ने भागून उरणाऱ्या बाकीत करायचे. मुख्य केंद्र तीन गुप्त संख्या निवडते, समजा ५, ९ आणि ४, आणि एक पदावली तयार करते:

५ + ९(क्ष + य) + ४ क्ष य

क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी हिची किंमत बदलत नाही. सारी गंमत त्यातच आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या संवेदकासाठी केंद्र क्ष = ३ ठेवते. ५ + २७ + ९य + १२य, म्हणजे ३२ + २१य, आणि २३ ने भागून बाकी घेतली की ९ + २१य. संवेदकाला फक्त ९ आणि २१ या दोन संख्या देतात. सातव्या संवेदकासाठी ६८ + ३७य, म्हणजे २२ + १४य. त्याला २२ आणि १४ मिळतात.

रानात हे दोघे भेटले. तिसरा आपल्या पदावलीत य = ७ ठेवतो. ९ + १४७ = १५६, बाकी १८. सातवा य = ३ ठेवतो. २२ + ४२ = ६४, बाकी १८. दोघांची किल्ली एकच आली! रेडिओवरून गेले काय? फक्त 'मी तीन' आणि 'मी सात'. आणि इथे निम्मे शेजारी नव्हे, तर प्रत्येक जोडीला किल्ली मिळते.

चोराने तिसरा संवेदक उचलला तर त्याला दोन समीकरणे मिळतात, पण अज्ञात संख्या तीन आहेत. केंद्राचे गुपित सुटत नाही. मात्र तिसरा आणि सातवा दोन्ही उचलले तर गुपित सुटते. विद्यार्थ्यांना ती समीकरणे मांडून ५, ९ आणि ४ काढायला सांगा. म्हणजे ठरावीक संख्येपर्यंत चोरी झाली तर काहीच बिघडत नाही आणि ती ओलांडली की सारेच कोसळते. पदावलीतील घात वाढवून ही मर्यादा हवी तितकी वर नेता येते, पण त्यासाठी स्मृती आणि गणित दोन्ही वाढतात. खऱ्या वापरात २३ ऐवजी अर्थातच प्रचंड मोठी संख्या घेतात.

ही मर्यादा कागदावरची नाही. दूरचित्रवाणी संचाकडे जाणारे चित्र वाटेत उतरवून घेता येऊ नये म्हणून इंटेलने 'एचडीसीपी' ही पद्धत केली होती. तिचे गणित याच कुळातले. सुमारे ४० उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्या तर सारी पद्धत उघडी पडेल, असे काही संशोधकांनी २००१ मध्येच दाखवले होते. २०१० साली तिची मूळ किल्ली खरोखरच जाहीर झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले.

वेळेवर विसरणे

तिसरे उत्तर २००३ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातील सेन्कुन झू, संजीव सेतिया आणि सुशील जजोदिया यांनी दिले. त्यांच्या पद्धतीचे नाव 'लीप'. त्यांचा युक्तिवाद असा. चोर कितीही चपळ असला तरी पेटी शोधून, उघडून, आतली स्मृती वाचायला त्याला काही वेळ लागणारच. शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायला मात्र संवेदकाला काही सेकंद पुरतात. मग निघताना सर्वांना एकच मूळ किल्ली द्यावी. जागेवर पोहोचताच प्रत्येकाने आपला क्रमांक सांगावा, मूळ किल्ली आणि क्रमांक यांवरून शेजाऱ्यांसाठीच्या वेगवेगळ्या किल्ल्या तयार कराव्यात आणि मग मूळ किल्ली पुसून टाकावी.

या नव्या किल्ल्या एकेरी रीतीने केलेल्या असतात. दुधाला विरजण लावून दही करता येते, पण दह्यापासून परत दूध मिळत नाही. तसे नव्या किल्लीवरून मूळ किल्ली काढता येत नाही. नंतर पेटी चोरीला गेली तरी चोराला मिळतात त्या फक्त तिच्या शेजाऱ्यांशी बोलण्याच्या किल्ल्या. एका खोलीचे नुकसान खोलीपुरतेच राहते. अट एवढीच की पुसण्याचे काम वेळेत व्हायला हवे. एखादा जरी संवेदक त्या पहिल्या काही क्षणांत चोराच्या हाती लागला तर मूळ किल्लीच गेली.

किल्ली बदलताना

केंद्राला सर्वांशी एकदम बोलण्यासाठी एक सामाईक किल्लीही लागते. एखादा संवेदक चोरीला गेल्याचे कळले की ती बदलायला हवी. १,०२४ संवेदकांना एकेक करून नवी किल्ली कळवायची तर हजारावर संदेश लागतील. १९९८ साली टेक्सास विद्यापीठातील वाँग, गौडा आणि लॅम यांनी यासाठी वंशवृक्षाची रीत सुचवली. संवेदक ही झाडाची पाने. प्रत्येक फांदीला एक किल्ली. प्रत्येक पानाला आपल्यापासून बुंध्यापर्यंतच्या फांद्यांच्या किल्ल्या ठाऊक. एक पान गळाले की फक्त त्याच्या वाटेवरच्या किल्ल्या बदलायच्या. १,०२४ म्हणजे २ चा दहावा घात. म्हणून वाट दहा टप्प्यांची आणि संदेश सुमारे २०. हजारावरून वीसवर! लॉगॅरिथम शिकवताना 'याचा उपयोग काय' असे मुले विचारतात, त्यांना हे उदाहरण देता येईल.

वर्गात करून पाहा

१ ते ५० अंकांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांतून न पाहता पाच चिठ्ठ्या काढाव्यात, अंक वहीत लिहून घ्यावेत आणि चिठ्ठ्या परत डब्यात टाकाव्यात. मनाने अंक लिहायला सांगू नका, कारण बरीच मुले ७ सारखे आवडते अंकच लिहितात. मग प्रत्येकाने शेजारच्या सहा-सात जणांशी आपले अंक ताडून पाहावेत आणि निदान एक अंक सामाईक असणाऱ्या जोड्या मोजाव्यात. पन्नासांतून पाचच अंक असूनही सुमारे ४२ टक्के जोड्या जुळतील. प्रत्येक जुळलेल्या जोडीने सर्वांत लहान सामाईक अंक आपली किल्ली मानावी. आता एका विद्यार्थ्याची वही 'चोरून' त्याचे पाच अंक मोठ्याने वाचा. ज्या जोड्यांची किल्ली त्यांत आहे त्यांनी हात वर करावेत. वेगवेगळ्या वह्या चोरून पाहिल्यास सरासरी दहापैकी एका जोडीचे गुपित फुटते असे दिसेल. मग दोन वह्या चोरा, तीन चोरा आणि फळ्यावर आलेख काढा.

दोन दशकांत संवेदक बदलले आहेत. आता अनेक रेडिओ चिपमध्येच एईएसचे गणित करणारे मंडल असते. इलिप्टिक वक्रांची सही लहान संवेदकांनाही झेपते. छोट्या उपकरणांसाठीच 'अ‍ॅस्कॉन' नावाची हलकी पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२३ मध्ये निवडली आणि २०२५ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले. तरीही सेल अजून सेलच आहेत, आणि बोलणे अजूनही विचारापेक्षा महागच आहे. त्यामुळे जाळे बसवणाऱ्याला आजही तेच ठरवावे लागते. घरून निघताना काय बरोबर द्यायचे, रानात किती बोलायचे, आणि एक पेटी गेली तर किती गमवायची तयारी ठेवायची. कधीच न फुटणारे कुलूप दोन सेलवर मिळत नाही. एका पेटीच्या चोरीने सारा डोंगर गप्प होऊ नये, एवढे मात्र मिळवता येते.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. ब्लोम यांच्या पदावलीत क्ष आणि य यांचे वर्गही घेतले तर गुप्त संख्या तीनऐवजी सहा होतात आणि प्रत्येक संवेदकाला दोनऐवजी तीन संख्या मिळतात. दोन संवेदक चोरले की सहा समीकरणे हाती येतात. मग सहा अज्ञात सुटायला हव्यात. तरीही त्या सुटत नाहीत, तिसरा संवेदक चोरावाच लागतो. असे का? तिसऱ्या आणि सातव्या संवेदकाच्या उदाहरणात दोन्ही पेट्यांना आधीपासून ठाऊक असलेली एक संख्या होती. तिचा विचार करा म्हणजे उत्तर सापडेल.